तुम्ही बसा हो!

म्हातारं माणूस घरात असलं की त्याला दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य कोणतं? तर, "तुम्ही बसा हो!" पाणी घ्यायला उठलं, तुम्ही बसा हो, मी देते. दारावरची बेल वाजली, तुम्ही बसा हो, मी बघतो. गच्चीवरचं वाळवण उचलायला निघालं, भाजीची पिशवी हातात घेतली, नातवामागे दोन पावलं धावलं... बसा, बसा, बसा. आयुष्यभर काय कमी केलंत? आता आराम करा.

या वाक्यात प्रेम आहे, आदर आहे, सगळं आहे. आणि तरीही माझं ठाम मत आहे की म्हातारपणी जे खुबे मोडतात त्यात या वाक्याचाही मोठा हात आहे. आपण उगाच एकट्या कॅल्शियमला धरून बसलोय.

(सासर-माहेरची बरीच मंडळी इथे येऊन वाचतात हे मला माहीत आहे. काहीजण दुखावतील याचीही कल्पना आहे. पण आधी पूर्ण वाचा, मग फोन करा.)

आमच्या नात्यात आणि इथे सिडकोतल्या आमच्या कॉलनीत मिळून खुबा मोडल्याच्या बातम्या आता इतक्या ऐकल्यात की बातमी कशी सांगितली जाणार हेही पाठ झालंय. "काही नाही हो, बाथरूममध्ये पाय घसरला." मग "रॉड टाकला" किंवा "बॉल बदलला." मग "हाडं ठिसूळ झालीत म्हणे." आणि शेवटी "वय झालं ना!" झालं, केस बंद. या सगळ्या संभाषणात 'स्नायू' हा शब्द एकदाही येत नाही. जणू माणूस म्हणजे सापळा आणि त्यावर नेसवलेलं लुगडं.

खुबा मोडणं ही हात मोडण्यासारखी गोष्ट नाही. जगभरच्या आकड्यांत साधारण पाचातला एक जण त्यानंतर वर्षभरात जातो, काही ठिकाणी त्याहून जास्त. जे राहतात त्यांच्यातले बरेचजण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. आपल्या देशात याची मोजदादच फार कमी झाली आहे. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यातली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पन्नाशीपुढच्या दर एक लाख माणसांमागे वर्षाला १२९ जणांचा खुबा मोडल्याचं दिसलं. बायकांत १५९, पुरुषांत १०५. आणि २०११ च्या जनगणनेतच आपल्याकडे साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती. बाकीचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आधी खुबा समजून घेऊ

एक करून बघा. भिंतीजवळ उभे राहा, एक पाय उचला आणि ज्या पायावर उभे आहात त्या बाजूच्या कुल्ल्यावर, कमरेच्या हाडाच्या थोडं खाली, हात ठेवा. आत काहीतरी घट्ट झालेलं लागेल. हे ग्लुटियस मीडियस आणि त्याच्याखालचा ग्लुटियस मिनिमस. नावं लॅटिन आहेत, सोडून द्या, काम महत्त्वाचं. एका पायावर उभं असताना दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडू न देणं हे त्यांचं काम. ते कमजोर असतील तर उचललेल्या पायाची बाजू लचकते. फ्रिडरिश ट्रेंडलेनबर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्येच हे वर्णन करून ठेवलंय, आणि हाडांचे डॉक्टर आजही पेशंटला एका पायावर उभं करून तेच बघतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कशाला एका पायावर उभे राहतोय? राहता हो! चालणं म्हणजे दुसरं काय? प्रत्येक पावलाला एक पाय हवेत असतो. नेहमीच्या चालण्यात जवळजवळ ८० टक्के वेळ माणूस एकाच पायावर असतो. त्या क्षणी खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो, कारण वजन आहेच, वर हे स्नायूही जोर लावून ओढत असतात. जिना चढताना, उंबरा ओलांडताना, साडी किंवा पँट नेसताना सगळा तोल त्यांच्यावर.

आणि तोल गेलाच तर? पाय पटकन बाजूला टाकून सावरणं हेही त्यांचंच काम. सावरता नाही आलं आणि माणूस पडलाच, तर हाड आणि फरशी यांच्यामध्ये गादीसारखं जे काही असतं त्यात स्नायू आणि चरबी दोन्ही आली. चौथी गोष्ट सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असते. स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथे तो रोज ओढतो, आणि हाड त्या ओढीला उत्तर म्हणून मजबूत राहतं. ओढणारा सुस्तावला की हाडही सुस्तावतं.

"आधी हाड मोडलं आणि मग ते पडले" असं आपल्याकडे खूपदा सांगतात. क्वचित तसं होतही असेल, पण खुब्याची दहातली नऊ फ्रॅक्चर्स पडल्यामुळे होतात. त्यातही कसं पडलो हे महत्त्वाचं. पुढे पडलं तर हात टेकतात, मागे पडलं तर बूड टेकतं. आडवं, बाजूला पडलं की सगळा मार थेट मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकावर. १९९४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं बाजूला पडणाऱ्यांत खुबा मोडण्याचा धोका जवळजवळ सहापट दिसला होता. आता बाजूला पडण्यापासून वाचवणारे स्नायू कोणते? तेच, ज्यांवर आपण आजी-आजोबांना दिवसभर बसवून ठेवतो.

मांडी जाड आहे, मग?

आमच्याकडे लगेच येणारं उत्तर म्हणजे "आमच्या आईंच्या मांड्या बघा, चांगल्या भरलेल्या आहेत." इथे जरा थांबू या.

स्नायूंचा आकार आणि खुब्याचं फ्रॅक्चर यांचा संबंध आहे का, हे शास्त्रज्ञांनी सीटी स्कॅन काढून तपासलंय. अमेरिकेत पिट्सबर्ग आणि मेम्फिस इथे ७० ते ७९ वयाच्या माणसांचा 'हेल्थ एबीसी' नावाचा एक मोठा अभ्यास झाला. त्यावरचा २०१० चा निष्कर्ष वाचण्यासारखा आहे. ज्यांच्या मांडीच्या स्नायूंत चरबी शिरलेली होती त्यांचे खुबे पुढच्या वर्षांत जास्त मोडले. हाडाची घनता हिशोबात घेतल्यावरही हा फरक उरला. म्हणजे सारख्याच हाडांची दोन माणसं घेतली, तरी ज्याचा स्नायू चरबीने सैल झालाय तो जास्त धोक्यात. बीजिंगच्या जिशुईतान रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खुबा मोडून आलेल्यांचे स्कॅन धडधाकट माणसांच्या स्कॅनशी ताडून पाहिले. त्यांचा २०२० चा निष्कर्षही असाच: स्नायूच्या घट्टपणावरून फ्रॅक्चरवाले आणि बिनफ्रॅक्चरवाले जितके स्पष्ट ओळखू येतात, तितके हाडाच्या घनतेवरून येत नाहीत.

तेव्हा नुसता टेप घेऊन मांडी मोजू नका. आकाराला अर्थ आहे, पण आत काय भरलंय याला जास्त. आणि या बाबतीत आपण भारतीय जन्मापासूनच मागे आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे सगळ्या जगाला दाखवून दिलं. आपली बाळं वजनाने कमी, स्नायूंनी त्याहून कमी, पण चरबी मात्र सांभाळून असलेली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! कपड्यांवरून दोघे सारखेच. म्हणून "आमच्या आई भरलेल्या आहेत" याला काही अर्थ नाही. कशाने भरलेल्या आहेत ते सांगा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्याचे स्नायू लहान, त्याची हाडंही बऱ्याचदा बारीक असतात, त्याचं खाणं कमी असतं, तो आजारीही जास्त असतो. त्यामुळे "इतके सेंटिमीटर स्नायू वाढवा म्हणजे इतके टक्के फ्रॅक्चर टळेल" असा हिशोब कुणी मांडत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण माझ्या वादाला त्या हिशोबाची गरजच नाही.

आराम नावाचं औषध

वयाबरोबर स्नायू झिजतात. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये या झिजेला 'सार्कोपेनिया' असं नाव दिलं. साठीनंतर स्नायू साधारण वर्षाला एक टक्का कमी होतात, आणि ताकद त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने जाते. म्हणजे मांडी अजून तेवढीच दिसत असते, पण जोर केव्हाच गेलेला असतो.

इथपर्यंत निसर्ग. पुढचं आपण करतो. २००७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग आला. साठीपुढची निरोगी माणसं (सरासरी वय ६७) दहा दिवस फक्त अंथरुणात ठेवली. खाणं व्यवस्थित, आजार काही नाही. दहा दिवसांत पायांचे सुमारे एक किलो स्नायू गेले! निसर्गाला जे करायला वर्षं लागतात ते आरामाने दहा दिवसांत केलं.

आता आपल्या घरातलं बघा. ताप आला, दहा दिवस आराम. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर "उठू नका." गुडघा दुखतोय, जिना बंद. शेजारच्या काकू पडल्या म्हणून घाबरून आपल्या आजींचं गच्चीवर जाणं बंद. एकेक दार असं बंद होत जातं आणि प्रत्येक वेळी कारण चांगलंच असतं. शेवटी उरते बैठकीच्या खोलीतली एक खुर्ची, समोर टीव्ही आणि हातात रिमोट. घरात बैठक आहे, बैठका मात्र कोणी काढत नाही.

माझ्या मावशीचा खुबा इथल्याच एका चांगल्या रुग्णालयात दुरुस्त झाला. ऑपरेशन उत्तम. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून पेशंटला उभं करावं हे आता जगभर मान्य आहे, आणि त्यांनी केलंही. पण घरी सोडतानाच्या कागदावर काय होतं? गोळ्यांची पाच नावं, टाके कधी काढायचे ते, आणि 'विश्रांती'. कोणता व्यायाम, किती वेळा, कधी वाढवायचा, एक ओळ नाही. घरच्यांनी 'विश्रांती' हा शब्द देवाच्या आज्ञेसारखा पाळला. सहा महिन्यांनी मावशी वॉकरशिवाय संडासापर्यंतही जाऊ शकत नव्हती. हाड मात्र एक्स-रेमध्ये सुंदर जुळलेलं!

यात सुनेचा संबंध काय?

आता मुद्द्याचं, आणि ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते.

माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. धुतलेले कपडे त्या स्वतः वाळत घालतात. दुधाची पिशवी खालून आणतात, एक मजला चढून. संध्याकाळी ओट्याला धरून त्यांचा व्यायाम चालतो. यावरून आमच्या एका कार्यात मला ऐकवण्यात आलं, "घरात सून असून या वयात वहिनींना धुणी वाळत घालावी लागतात!" माझ्या तोंडावर नाही, अर्थात. मला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

मी राग गिळला आणि विचार केला. म्हाताऱ्यांचा आराम हा आपल्याकडे त्यांच्या तब्येतीचा विषयच नाहीये. तो घराच्या अब्रूचा विषय आहे! सासू खुर्चीत बसलेली दिसली की सून चांगली. सासूच्या हातात झाडू दिसला की सून वाईट. आजोबा पिशवी घेऊन येताना दिसले की मुलगा नालायक. त्यामुळे आम्ही सगळ्या चांगल्या सुना आणि सगळे चांगले मुलगे काय करतो? आपलं चांगलेपण सिद्ध करायला सासू-सासऱ्यांना खुर्चीत बसवतो. आणि खुबा मोडला की पुन्हा सगळ्यांच्या कौतुकाचे धनी होतो, "सुनेने फार केलं हो!" अंथरुणावर पडलेल्या सासूचं करणारी सून थोर, आणि सासू पडूच नये म्हणून तिच्याकडून काम करून घेणारी सून कैदाशीण. हा कुठला न्याय?

राबवून घेणं आणि हालतं ठेवणं यातला फरक मला कळतो. सुनेच्या नोकरीसाठी दोन नातवंडं आणि सगळा स्वयंपाक सासूच्या गळ्यात घालणं याला मी व्यायाम म्हणणार नाही. तिथे थकवा आहे, तिचं मत कोणी विचारलेलं नाही. फरक ओळखायची खूण सोपी आहे: थांबावंसं वाटलं तर ती थांबू शकते का?

म्हातारी मंडळीही यात साळसूद नाहीत बरं का! "आता आमचं काय राहिलंय" हे पालुपद लावून खुर्ची त्यांनाही आवडायला लागते. आणि बायकांना तर व्यायामाची लाज वाटते. आमच्या आजोबांच्या पिढीतले पुरुष निदान तालमीत जोर-बैठका काढून आलेले असायचे. बायकांनी जात्यावर, पाट्यावर, विहिरीवर, सारवताना जे उठणं-बसणं केलं त्याला कोणी बैठका म्हटलं नाही, ते काम होतं. आता ओटा आला, कमोड आला, वॉशिंग मशीन आलं. येऊ दे, मी काही जातं परत आणा म्हणणारी नाही. त्या बायकांचे हाल झाले. पण दिवसातून पन्नास वेळा खाली बसून उठणं आपण घरातून काढून टाकलं आणि त्या जागी काही ठेवलं नाही, हे खरं आहे.

"पण आम्ही रोज फिरायला जातो!"

ही दुसरी ढाल. सकाळी हिमायतबागेत किंवा विद्यापीठाच्या परिसरात जा, ज्येष्ठांचे जथेच्या जथे दिसतात. हनुमान जयंतीला रात्रभर चालत खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाणारे साठी-सत्तरीचे लोक आमच्या शहरात आहेत, मला त्यांचं कौतुकच आहे. चालणं हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, मनाला तर फारच चांगलं.

पण पडण्यापासून वाचायला नुसतं चालणं पुरत नाही. २०१९ मध्ये कॉक्रेनच्या अभ्यासकांनी शंभराहून जास्त चाचण्या, तेवीस हजारांवर माणसं, असं सगळं एकत्र करून पाहिलं. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं. पण हा फायदा स्पष्टपणे दिसला तो तोल सांभाळण्याच्या आणि उठणं-बसणं-चढणं अशा कामाच्या व्यायामांत. नुसत्या चालण्याचा तसा फायदा सिद्ध झाला नाही. फ्रॅक्चर कमी होतात असंही दिसतं, पण तो पुरावा तितका भक्कम नाही, हेही त्यांनीच लिहिलंय. मला वाटतं कारण साधं आहे. सपाट रस्त्यावर आपण सरळ पुढे चालतो. बाथरूममध्ये पडतो ते आडवे.

बाथरूमचा विषय निघालाच आहे तर, आमच्या शहरात बाथरूम ही साधी जागा नसते. वर्षानुवर्षं आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी बघितलेलं हे गाव. इथे बाथरूममध्ये ड्रम, पॅसेजमध्ये पिंप, दाराआड हंडे-बादल्या. त्यात पाणी यायची वेळ रात्री-अपरात्रीची. अंधारात, ओल्या फरशीवर, ड्रमच्या कडेने आडवं होऊन वाट काढणारी ७५ वर्षांची बाई म्हणजे खुब्याच्या स्नायूंची रोजची परीक्षा. परीक्षा घ्यायची आणि अभ्यास करू द्यायचा नाही, असं आपलं चाललंय. ड्रम हलवता आला तर हलवा, भिंतीला धरायला दांडा बसवा, रात्रीचा दिवा ठेवा. झोपेच्या गोळीने तोल जातो, ती खरंच लागते का हे डॉक्टरांना विचारा. हे सगळं कराच. पण म्हणून अभ्यास बुडवू नका.

गोळ्या

गोळ्यांवर माझा राग नाही, गोळी घेऊन निश्चिंत होण्यावर आहे. ज्यांना ऑस्टिओपोरोसिस आहे त्यांच्यासाठी चांगली औषधं आहेत. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रॉनिक अॅसिडने खुब्याची फ्रॅक्चर्स ४१ टक्क्यांनी घटल्याचं २००७ च्या मोठ्या चाचणीत दिसलंय. ज्यांचं हाड एकदा मोडलंय त्यांनी तर याबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं.

पण आपल्याकडे चालतं ते वेगळंच. मेडिकलमधून 'ताकदीच्या' गोळ्या आणि डी व्हिटॅमिनची पाकिटं आणायची, आणि बसायचं. अमेरिकेत २५ हजारांवर माणसांवर झालेल्या 'व्हायटल' चाचणीत, सर्वसाधारण निरोगी माणसांना डी व्हिटॅमिन देऊन फ्रॅक्चर कमी झाली नाहीत, असा २०२२ चा निष्कर्ष आहे. ऑस्ट्रेलियात तर वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा भलामोठा डोस दिलेल्या म्हाताऱ्या बायका न दिलेल्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली (२०१०). कमतरता असेल तर डी व्हिटॅमिन जरूर घ्या, तपासून, सांगितलं तेवढंच. प्रसाद म्हणून वाटू नका.

खाण्याचंही तसंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत, म्हणजे ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. म्हातारपणी त्याहून थोडं जास्त हवं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. आणि आपल्या आजी खातात काय? सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी भाकरी आणि पातळ वरण, रात्री "मला भूकच नाही, दूध-भात देते तर दे." त्यात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. साबुदाण्यात पिष्टाशिवाय काय असतं? उपास सोडा म्हणायची माझी हिंमत नाही, पण उपासाला दही, दूध, दाणे तरी भरपूर खा. एरवी घट्ट वरण, उसळ, पिठलं, चालत असेल तर अंडं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

नव्वदीतही?

"आता या वयात काय स्नायू होणार?" हा शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर बोस्टनच्या एका वृद्धनिवासात १९९० मध्येच मिळालंय. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वयाची दहा माणसं घेतली आणि आठ आठवडे त्यांच्याकडून पायांचा व्यायाम करून घेतला. हलकाफुलका नाही, खरोखर वजन लावून. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या स्नायूंचा आकार किती वाढला? ९ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. डोळ्यांना फरक दिसायच्या कितीतरी आधी पायात जोर येतो. चार वर्षांनी त्यांनीच १०० जणांवर पुन्हा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून वाढली, आणि नुसतं पौष्टिक पेय दिलेल्यांना त्याचा उपयोग झाला नाही. टीव्हीवरच्या प्रोटीन पावडरच्या जाहिराती बघताना हे आठवा.

"आणि व्यायाम करतानाच पडल्या तर?" ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच मागे खुर्ची, पुढे ओटा आणि शेजारी माणूस हवं. पण न हलवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं, हा हिशोब चुकीचा आहे. तो धोका फक्त पुढच्या वर्षावर ढकलला जातो, व्याजासकट.

"कष्ट केलेल्या बायकांचेही खुबे मोडतात की!" मोडतात. पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात, आणि जन्मभर राबूनही ताटात डाळ नसेल तर स्नायू कशाने बनणार? कष्टाबरोबर खाणंही लागतं. तो दोष कष्टांना लावू नका.

आमच्या घरी जे चालतं ते सांगते. आठवड्यातून तीन दिवस. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा. सोपं व्हायला लागलं की छातीशी एक किलो डाळीची पिशवी, मग दोन किलोची. (वाढवायचं हे महत्त्वाचं, वर्षभर तेच ते करून उपयोग नाही.) मग ओट्याला धरून एकेक पाय सरळ बाजूला उचलणं. हा खास त्या ग्लुटियस मीडियससाठी. मग ओट्यावर बोट टेकवून एका पायावर उभं राहणं, आधी पाच सेकंद, मग दहा. आणि जिना, कठड्याला धरून. सगळं मिळून २० मिनिटं. फी शून्य. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या, "मी काय शाळेत आहे का?" आता मी विसरले तर त्याच आठवण करतात, आणि डाळीची पिशवी हलकी वाटली तर तक्रार करतात.

तेव्हा ज्या मंडळींना माझ्या सासूबाईंच्या हातातल्या ओल्या कपड्यांची काळजी वाटते, त्यांना नम्र विनंती. माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोला. पण पुढच्या वेळी आमच्याकडे याल तेव्हा त्या चहाचे कप घेऊन येतील. त्यांना 'तुम्ही बसा हो' म्हणू नका. कप घ्या, 'वा' म्हणा आणि जमलं तर त्यांच्याबरोबर दहा वेळा खुर्चीतून उठून दाखवा. हात न टेकता.

ता. क. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, चक्कर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, बदललेला खुबा किंवा गुडघा यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. विचारताना "किती आराम करू?" असं विचारू नका. "काय काय करू?" असं विचारा.